पवनारची पांढरी : मातीच्या थरांत आपण काय शोधायचे?

विदर्भात कुठेही जुनी वीट निघाली, एखादे कोरीव दगडी शिल्प सापडले की दोन दिवसांत गावात दोन गट पडतात. एक गट म्हणतो हा स्तूप आहे, दुसरा म्हणतो हे देऊळ आहे. मोबाईलवर फोटो फिरतात, झेंडे लागतात, आणि मूळ जागेवर कोण काय उकरून घेऊन गेले याकडे कुणाचेच लक्ष राहत नाही. आम्ही वर्धा जिल्ह्यात युवकांचे अभ्यासवर्ग घेतो, तेव्हा हाच प्रश्न सर्वांत आधी येतो : "इथे बुद्ध होता का?" प्रश्न योग्यच आहे. पण त्याच्या जोडीला दुसरा प्रश्नही विचारायला हवा : इथे कोण राहत होते, कसे राहत होते, आणि कुणाला गावाबाहेर राहावे लागत होते?

या दोन्ही प्रश्नांसाठी आपल्या जिल्ह्यातले सर्वांत महत्त्वाचे ठिकाण म्हणजे पवनार. या लेखात पवनारच्या उत्खननाची माहिती, जुने गाव जमिनीत कसे वाचतात याची पद्धत, विदर्भातील बौद्ध पुरावा आणि कार्यकर्त्यांनी करायची कामे एकत्र दिली आहेत. अभ्यासवर्गात उपयोगी पडेल अशा रीतीने हे लिहिले आहे.

पवनार कुठे आणि कशासाठी प्रसिद्ध

वर्ध्याहून नागपूर रस्त्याने आठ-दहा किलोमीटरवर धाम नदीच्या काठी पवनार आहे. आज हे गाव विनोबा भावे यांच्या आश्रमामुळे ओळखले जाते. विनोबा १९३८ साली इथे राहायला आले, आणि १९५९ साली त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. आश्रमाच्या जमिनीत खोदकाम करताना जुनी दगडी शिल्पे मिळाली. त्यांपैकी 'भरत-राम' भेटीचे शिल्प म्हणून विनोबांनी ओळखलेले शिल्प आजही आश्रमात आहे.

आश्रमापलीकडे गावाची जुनी वस्ती आहे. ती सपाट जमिनीवर नाही, उंचवट्यावर आहे. तिथे जुन्या कोटाचे अवशेष आहेत. गावातल्या माणसाला ती रोजची चढण वाटते. खरे तर तो शेकडो वर्षांच्या वस्तीचा साठलेला ढीग आहे. एका घराच्या पडक्या भिंतींवर दुसरे घर, त्याच्या राखेवर तिसरे, अशी ही जमीन वर वर आली आहे.

'पांढरी' म्हणजे काय

आपल्या भाषेत याला फार जुना शब्द आहे : पांढरी. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. जिथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, चुली पेटल्या, मातीच्या भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, गुरे बांधली गेली, तिथली माती राखट होते. शेतकऱ्याला हे आधीच माहीत असते. म्हणून तो पांढरीची माती गाडीने भरून शेतात टाकत आला आहे. ती खतासारखी उपयोगी पडते. पुरातत्त्वाच्या दृष्टीने मात्र त्या प्रत्येक गाडीबरोबर इतिहासाची काही पाने जातात.

विदर्भातल्या महसूल नोंदीत अनेक मौजांच्या नावापुढे 'रिठी' असे लिहिलेले असते. रीठ म्हणजे उठून गेलेले गाव. सातबाऱ्यावर मौजा आहे, पण तिथे घर नाही, माणूस नाही. अशा रिठांवर शेतात खापरांचे तुकडे, काचेच्या बांगड्या, जात्याचे दगड, विटांचे तुकडे सापडतात. जुन्या वस्त्या शोधायच्या असतील तर पहिला आधार म्हणजे तलाठ्याकडची नोंद आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली जागांची नावे.

१९६७ चे उत्खनन

नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने १९६७ साली पवनारला उत्खनन केले. डॉ. शांताराम भालचंद्र देव आणि डॉ. मधुकर केशव ढवळीकर यांनी त्याचा अहवाल तयार केला आणि विद्यापीठाने तो १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. एका वर्षात अहवाल छापून येणे ही आपल्या देशात सहज घडणारी गोष्ट नाही. कित्येक उत्खननांचे पूर्ण अहवाल दशकानुदशके निघत नाहीत. म्हणून हे आवर्जून सांगितले पाहिजे.

उत्खननात जे थर मिळाले ते खालून वर असे वाचायचे. तळाशी काळी-तांबडी भांडी वापरणाऱ्या लोकांची जुनी वस्ती. तिच्यावर सातवाहन काळ. त्यावर वाकाटक काळ, म्हणजे साधारण इसवी सनाचे चौथे-पाचवे शतक. आणि सर्वांत वर मध्ययुग, ज्यात मुसलमानी आणि मराठा अमलातल्या वस्तू येतात. इथे विष्णुकुंडिन घराण्याची नाणीही मिळाली. हे घराणे आंध्रातले. त्यांची नाणी धामच्या काठी मिळतात, याचा अर्थ पवनारचा दक्षिणेशी संबंध होता.

एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. उत्खनन म्हणजे पूर्ण गाव उकरणे नव्हे. वस्ती असलेल्या गावात मोकळ्या जागा शोधून काही मीटर लांबी-रुंदीचे चर घेतले जातात. त्या चरांत जे मिळाले त्यावरून सगळ्या गावाचा अंदाज बांधावा लागतो. 'इथे अमुक मिळाले नाही' याचा अर्थ 'ते इथे नव्हतेच' असा होत नाही. 'चर तिथे पोचला नाही' एवढाही त्याचा अर्थ असू शकतो.

थर कसे वाचतात

एखाद्या घराच्या जागेवर चर घेतला की बाजूची उभी भिंत साफ करतात. त्या भिंतीत वेगवेगळ्या रंगांचे पट्टे दिसतात : शेणाने सारवलेली जमीन, तिच्यावर राख, त्यावर पडलेल्या भिंतीची माती, पुन्हा सारवलेली जमीन. खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा मूळ नियम. पण नियमाला अडथळे असतात. कुणी धान्य साठवायला पेव खणले, विहीर खणली, जुन्या पायाच्या विटा काढून नेल्या, तर वरची वस्तू खाली जाते आणि खालची वर येते. म्हणून वस्तूइतकेच, किंबहुना जास्त महत्त्व ती कोणत्या थरात मिळाली याला असते. कोणीतरी घरी आणून ठेवलेले शिल्प सुंदर असेल, पण ते कुठून, किती खोलीवरून आले हे माहीत नसेल तर त्याचा अर्धा अर्थ गेला.

काळ ओळखण्याच्या काही साध्या खुणा कार्यकर्त्याला माहीत असाव्यात. सातवाहन काळातल्या विटा आकाराने मोठ्या आणि रुंद असतात. मध्ययुगाच्या उत्तरार्धातल्या विटा लहान आणि पातळ असतात. झिलई दिलेली रंगीत भांडी आणि रंगीबेरंगी काचेच्या बांगड्या बहुधा मध्ययुगीन थरात येतात. हुक्क्याचे भाजक्या मातीचे भाग मिळाले तर तो थर बहुधा सतराव्या शतकाच्या अलीकडचा समजावा, कारण तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांनंतर आली. मात्र या खुणा अंदाजापुरत्या आहेत. जुनी वीट नव्या घरात लावलेली आपण आजही पाहतो. तसे पूर्वीही होत होते.

मध्ययुगीन पवनार : दुर्लक्षिलेला थर

आपल्याकडे वाकाटक म्हटले की चर्चा रंगते, पण वरचा मध्ययुगीन थर घाईने खणून बाजूला केला जातो. पवनारच्या बाबतीत ही मोठी उणीव ठरेल. कारण मध्ययुगात पवनार हे साधे खेडे नव्हते. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे. तिच्यात गाविलगड, नरनाळा, खेरला, माहूर यांच्या बरोबरीने पवनार येते. सरकार म्हणजे महसुलाचा मोठा विभाग, ज्याखाली अनेक परगणे असत. वर्धा शहर एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी वसवले. त्याच्या कितीतरी आधी या भागाचे ठाणे पवनारला होते.

मध्ययुगीन गावाचे उत्खनन काय देऊ शकते याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये उत्खनन केले. तिथे सातवाहन काळाच्या वर शिलाहार आणि त्यावर बहमनी काळाची वस्ती मिळाली. बहमनी काळातली घरे, भांडी, बांगड्या यांवरून सामान्य माणसाच्या संसाराची माहिती मिळाली. दौलताबादला डॉ. म. श्री. माटे यांनी डेक्कन कॉलेजतर्फे मध्ययुगीन नगराचा अभ्यास केला. राजे आणि लढाया सोडून रस्ते, घरे, पाणीपुरवठा यांकडे पाहण्याची ती सुरुवात होती.

एका घराच्या जागेतून काय काय कळते? चुलीचा आकार, धान्याचे जळालेले दाणे, खाल्लेल्या जनावरांची हाडे, पाणी कुठून आणत, सांडपाणी कुठे जाई, घरात कोणता धंदा चाले. लोहाराच्या घरात लोखंडाची मळी मिळते, मणी करणाऱ्याकडे अर्धवट फोडलेले दगड मिळतात, कुंभाराच्या आव्याजवळ बिघडलेल्या भांड्यांचा ढीग मिळतो. ताम्रपटात या माणसांचे नाव नसते. त्यांची सही मातीतच असते.

प्रवरपूर कोणते? एका वादातून घ्यायचा धडा

वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे सुरुवातीचे ताम्रपट नंदिवर्धनहून, म्हणजे नागपूर जिल्ह्यातल्या नगरधनहून दिलेले आहेत. पुढचे ताम्रपट 'प्रवरपूर' या नव्या राजधानीतून दिलेले आहेत. हे प्रवरपूर म्हणजे पवनार, असे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी मांडले. धामकाठची शिल्पे त्यांनी रामायणाशी जोडली. नंतर काही अभ्यासकांनी तीच शिल्पे कृष्णचरित्राची आहेत असे म्हटले.

पुढे रामटेकजवळ मनसर येथे १९९७-९८ पासून उत्खनन झाले. भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई यांच्या पुढाकाराने बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्राने ते करवले. जगतपती जोशी आणि अरुणकुमार शर्मा या अनुभवी पुरातत्त्वज्ञांनी ते काम पाहिले. आचार्य नागार्जुनाचा या डोंगराशी असलेला संबंध शोधणे हा त्यामागचा ध्यास होता. उत्खननात भव्य विटांची बांधकामे निघाली. 'प्रवरेश्वर' हे नाव असलेल्या मातीच्या मुद्राही मिळाल्या. त्यावरून हान्स बाकर या डच संशोधकाने तिथे प्रवरसेनाने बांधलेले प्रवरेश्वराचे शिवालय आणि जवळच प्रवरपूर होते असे मांडले. उत्खनन करणाऱ्यांनी तिथल्या काही बांधकामांना स्तूप आणि विहार म्हटले. वाद अजून चालू आहे.

या वादात आपण कोणत्या बाजूचे, हे ठरवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बौद्ध संस्थेने पुढाकार घेतला नसता तर मनसर कदाचित अजूनही झुडपाखाली राहिले असते. हे श्रेय कुणीही नाकारू नये. दुसरी, आपल्या मनाला आवडणारा निष्कर्ष आणि पुराव्याने सिद्ध झालेला निष्कर्ष यांत फरक आहे. मुद्रेवर कोरलेले नाव वाचून मत बदलावे लागत असेल तर बदलावे. कुणी सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, ही कालाम सुत्ताची शिकवण आपण व्याख्यानात सांगतो. ती आपल्या टेकडीलाही लागू आहे.

विदर्भातला पक्का बौद्ध पुरावा

ओढून-ताणून दावे करण्याची आपल्याला गरजच नाही, कारण निर्विवाद पुरावा भरपूर आहे.

पवनी (भंडारा जिल्हा) : नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले. देव आणि जगतपती जोशी यांनी १९७२ मध्ये अहवाल दिला. तिथे प्रचंड स्तूप निघाला, ज्याची तुलना सांचीच्या मुख्य स्तूपाशी करावी लागते. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे आहेत. पाच फण्यांच्या नागाच्या शिल्पावर 'मुचलिंद नाग' असे स्पष्ट कोरले आहे. भगवंतावर फणा धरणारा हाच तो मुचलिंद. पवनार आणि पवनी ही नावे सारखी वाटल्याने अनेकांचा गोंधळ होतो. ती दोन वेगळी ठिकाणे आहेत.

भोन (बुलडाणा जिल्हा) : पूर्णा नदीकाठी डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांचा स्तूप आणि भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी मिळाल्या. ही जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. विकास आणि वारसा यांची गाठ पडली की काय होते याचे हे आपल्याजवळचे उदाहरण आहे.

हमलापुरी (रामटेकजवळ) : १९८२ मध्ये वाकाटक काळातल्या बुद्धाच्या धातुमूर्ती मिळाल्या. म्हणजे ज्या काळात नंदिवर्धनचे राजे शैव आणि वैष्णव देवळे बांधत होते, त्याच काळात त्यांच्या राजधानीच्या परिसरात बुद्धमूर्ती होत्या. याच घराण्याच्या वत्सगुल्म, म्हणजे वाशीम शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळा क्रमांकाचे लेणे दान दिले.

देवटेक (चंद्रपूर जिल्हा) : इथल्या एकाच शिळेवर दोन लेख आहेत. एक जुन्या ब्राह्मीत, प्राण्यांना पकडण्या-मारण्यास मनाई करणारा. दुसरा नंतरचा, वाकाटक रुद्रसेनाचा, त्याच्या धर्मस्थानाची नोंद करणारा. एकाच दगडावर आधीची अहिंसेची आज्ञा आणि नंतरच्या राजाची मुद्रा. 'ही जागा कुणाची' या प्रश्नाचे उत्तर कित्येकदा 'आधी याची, मग त्याची' असे असते.

पवनारच्या बाबतीत मात्र आपण संयम ठेवावा. तिथे सातवाहन काळाचा थर आहे, आणि तो काळ विदर्भात धम्माच्या भरभराटीचा होता. पण थर सातवाहन आहे म्हणून पवनारला स्तूप होता असे म्हणता येत नाही. त्यासाठी स्तूपाचा पाया, दानलेख, विहाराची रचना किंवा थरात मिळालेली मूर्ती असा थेट पुरावा लागतो.

गावकुसाबाहेरचा चर

आता आमचा मुख्य मुद्दा. पवनारसारख्या गावात चर घेतले जातात ते बहुधा उंच पांढरीवर, गढीजवळ, नदीकाठच्या देवळाजवळ. जिथे राजा, अधिकारी, पुरोहित राहिले असतील तिथे. गावकुसाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे, सखल भागात कोण राहत होते हे शोधायला चर घेतल्याची उदाहरणे फारच कमी. आपले पूर्वज ज्या जागी राहिले ती जागाच इतिहासाच्या नकाशावर नाही.

१९४८ साली बाबासाहेबांनी अस्पृश्य मूळचे कोण होते यावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. त्यात त्यांनी सिद्धान्त मांडला की टोळ्यांच्या लढायांत वाताहत झालेली माणसे वसलेल्या गावांच्या कडेला राहू लागली. पुढे ती बौद्ध राहिली, गोमांस सोडले नाही, म्हणून ब्राह्मणी व्यवस्थेने त्यांना अस्पृश्य ठरवले. अस्पृश्यतेचा जन्म त्यांनी इसवी सन ४०० च्या सुमारास धरला. या तारखेकडे पाहा. इसवी सन ४०० म्हणजे विदर्भात वाकाटकांचा काळ. पवनारच्या मातीत नेमका तोच थर आहे.

बाबासाहेबांनी हा सिद्धान्त ग्रंथांच्या आणि तर्काच्या आधारे मांडला, आणि पुरावा अपुरा असताना संशोधकाने काय करावे याची चर्चाही त्या ग्रंथात केली. त्यांच्या हाती पुरातत्त्वाची ही साधने नव्हती. आज आहेत. त्यामुळे तो सिद्धान्त केवळ जयंतीच्या भाषणात उच्चारण्यापेक्षा जमिनीवर तपासणे, हाच त्यांचा खरा मान आहे.

वाकाटकांच्या ताम्रपटांतूनही एक धागा मिळतो. त्यांचे बरेचसे ताम्रपट ब्राह्मणांना गावे दान दिल्याचे आहेत. आपल्या जिल्ह्यात हिंगणघाटजवळ जांब येथेही प्रवरसेनाचा ताम्रपट मिळाला. या दानपत्रांत दिलेल्या गावाला कोणकोणत्या गोष्टींतून सूट आहे याची यादी असते : सैनिकांनी गावात शिरायचे नाही, गावाने कातडी आणि कोळसा द्यायचा नाही, आणि सर्व प्रकारच्या 'विष्टी'तून गाव मुक्त. विष्टी म्हणजे वेठ. दान दिलेल्या गावाला सूट लिहून द्यावी लागली, त्याअर्थी बाकीच्या गावांना कातडी, कोळसा आणि वेठ द्यावी लागत होती. ही कातडी कोण काढत होते? कोळसा कोण पाडत होते? वेठ कुणाच्या खांद्यावर होती? ताम्रपट त्यांची नावे सांगत नाही.

उत्खनन याचे उत्तर देऊ शकेल का? काही प्रमाणात. खापराच्या तुकड्यावर जात लिहिलेली नसते, हे आधी मान्य करावे. पण काही गोष्टी मोजता येतात. गावाला कूस किंवा खंदक असेल तर त्याच्या आतली आणि बाहेरची घरे एकाच काळाची आहेत का? घरांचा आकार, विटा आणि कूड यांत फरक आहे का? विहिरी वेगळ्या आहेत का, आणि त्या वेगळ्या कधीपासून झाल्या? कोणत्या भागात कोणत्या जनावरांची हाडे, कापल्याच्या खुणांसह, मिळतात? कातडी कमावण्याच्या जागा कुठे होत्या? सातवाहन थरात हा फरक नाही आणि वाकाटक किंवा नंतरच्या थरात तो दिसू लागला, तर ती फार मोठी गोष्ट ठरेल. उलटे निघाले, तर तेही आपण स्वीकारले पाहिजे.

मध्ययुगासाठी मराठीतले ग्रंथही मदतीला आहेत. तेराव्या शतकातले महानुभाव वाङ्मय, विशेषतः लीळाचरित्र आणि ऋद्धिपूरचे गोविंदप्रभूंचे चरित्र, यांत विदर्भातली गावे, विहिरी, वाडे, बाजार यांचे दैनंदिन चित्र आहे. ते चित्र आणि मध्ययुगीन थर शेजारी ठेवून वाचण्याचे काम आपल्या समाजशास्त्राच्या, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी करावे. एम. ए. आणि पीएच. डी. साठी विषय शोधणाऱ्यांनी हा विषय मनावर घ्यावा.

कायदा काय सांगतो

केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायदा आहे. केंद्र संरक्षित स्थळांसाठी २०१० च्या दुरुस्तीनुसार हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीची गुप्त वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांसारख्या वस्तूंची परवान्याशिवाय खरेदी-विक्री आणि परदेशी निर्यात हा गुन्हा आहे. परवानगीशिवाय स्वतः उत्खनन करू नये, मग हेतू कितीही चांगला असो.

इथे एक अडचण मोकळेपणाने बोलली पाहिजे. जुन्या पांढरीवर आणि तिच्या कडेला आज गरीब माणसेच राहतात. त्यांत आपले लोक मोठ्या संख्येने आहेत. स्थळ संरक्षित झाले की घरकुलाच्या बांधकामाला अडथळा येतो, आणि लोक वारशालाच शत्रू समजू लागतात. नियंत्रित क्षेत्रात परवानगीने बांधकाम आणि प्रतिबंधित क्षेत्रात परवानगीने दुरुस्ती करता येते. ही माहिती ग्रामसभेत आधी पोचवावी. संरक्षणाची मागणी करताना बाधित कुटुंबांच्या घराची मागणी त्याच निवेदनात असली पाहिजे. माणसाला बेघर करून मिळवलेला वारसा धम्माचा होऊ शकत नाही.

कार्यकर्त्यांसाठी कामे

१. आपल्या तालुक्यातल्या रिठी मौजांची यादी तलाठी कार्यालयातून मिळवा. प्रत्येक जागेला भेट देऊन फोटो, गट क्रमांक आणि जागेचे स्थानिक नाव नोंदवा. वस्तू उचलू नका.

२. घर, विहीर, रस्ता किंवा मुरमाच्या खोदकामात काही निघाले तर काम थांबवण्याची विनंती करा. वस्तू आहे त्या जागी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला प्रत पाठवा.

३. मूर्तीला शेंदूर, रंग, तेल किंवा सिमेंट लावू देऊ नका. बुद्धमूर्ती असली तरी निळा किंवा सोनेरी रंग देऊ नका. रंगाखाली शिल्पाचा काळ सांगणाऱ्या खुणा झाकल्या जातात.

४. अहवाल वाचा. पवनार, पवनी आणि कौंडिण्यपूर यांचे अहवाल छापलेले आहेत. सर्वेक्षणाच्या वार्षिक आढाव्यात देशभरच्या उत्खननांची थोडक्यात माहिती असते. जिथे उत्खनन होऊन अहवाल आला नाही, तिथे माहिती अधिकारात विचारणा करा.

५. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, मुलांची सहल न्या. दीक्षाभूमीला जाणाऱ्या प्रत्येक गाडीने वर्षातून एकदा तरी तिथे थांबावे.

६. विद्यापीठाच्या विभागाला निवेदन द्या की पवनारसारख्या ठिकाणी पुढचे काम होईल तेव्हा गावकुसाबाहेरच्या भागाचाही त्यात समावेश करावा. ही मागणी आपण केली नाही तर दुसरे कुणी करणार नाही.

पवनारच्या पांढरीवर आजही चुली पेटतात. तिच्याखाली राजांची नाणी आहेत आणि नाव नसलेल्या माणसांची राखही आहे. नाण्यांवर पुस्तके लिहिली गेली. राखेवर लिहायचे बाकी आहे, आणि ते लिहिणारे हात आपल्या वस्त्यांतून तयार व्हावेत. त्यासाठी आधी लागेल ती मोजपट्टी, वही आणि तपासून पाहण्याची सवय.

जय भीम! नमो बुद्धाय!